प्रेमभंग आणि सूड : कथासाहित्यातील स्त्री-पुरुष भेद

प्रेमात नकार मिळालेल्या किंवा टाकून दिलेल्या व्यक्तीचा सूड हा कथासाहित्यातला फार जुना विषय आहे. सूड घेणारी स्त्री असेल तर कथा एका वळणाने जाते, पुरुष असेल तर दुसऱ्या. संताप दोघांचाही तितकाच तीव्र असतो. फरक पडतो तो सुडाची साधने, त्याचे लक्ष्य आणि मुख्य म्हणजे ती हकिकत कोणाच्या तोंडून ऐकू येते, यात.

नाकारलेल्या स्त्रीचा राग हा जणू तिचा जातिस्वभाव, ही समजूत इंग्रजीत विल्यम काँग्रीव्हच्या ‘द मोर्निंग ब्राइड’ (१६९७) या शोकनाट्यातल्या ओळींनी पक्की केली. प्रेमाचा द्वेष झाला की त्याच्यासारखा क्रोध स्वर्गात नाही आणि झिडकारलेल्या स्त्रीसारखा कोप नरकातही नाही, असा त्यांचा आशय. नाटकात त्या झारा या बंदिवान राणीच्या तोंडी, तिच्या विशिष्ट प्रसंगात येतात. पुढे प्रसंग गळून पडला आणि त्या ओळी सगळ्या स्त्रियांना लागू असल्यासारख्या वापरल्या जाऊ लागल्या. पुरुषांच्या बाबतीत इतके प्रचलित वचन घडले नाही.

प्राचीन कथांमध्ये नाकारलेल्या स्त्रीचे ठरलेले हत्यार म्हणजे खोटा आळ. बायबलमधल्या पोटीफरची पत्नी तिला नकार देणाऱ्या योसेफ या घरच्या गुलामावर बळजबरीचा आरोप करते. युरिपिडीझच्या ‘हिप्पोलिटस’मध्ये (इ. स. पू. ४२८) फीड्रा गळफास घेते आणि मागे तिला झिडकारणाऱ्या सावत्र मुलावर, हिप्पोलिटसवर, आळ घेणारा लेख ठेवते. अशोकावदान या बौद्ध ग्रंथातली सम्राट अशोकाची राणी तिष्यरक्षिता थोडी वेगळी : ती राजमुद्रेचा गैरवापर करून तिला नाकारणाऱ्या सावत्र मुलाचे, कुणालाचे, डोळे काढवते. या स्त्रियांच्या हाती स्वतःची सत्ता नाही, म्हणून त्या पतीची सत्ता वापरतात, असेही या कथांचे वाचन होऊ शकते. पण पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांनी त्यातून उचलले ते एवढेच की स्त्रीच्या तक्रारीवर भरवसा ठेवू नये, आणि हे या कथाबंधाचे सर्वांत घातक फलित आहे. पुरुषाला अशा आडवाटेची गरज पडत नाही. महाभारताच्या विराटपर्वात सैरंध्रीने झिडकारलेला कीचक तिला भर राजसभेत लाथ मारतो.

एकोणिसाव्या शतकातल्या दोन इंग्रजी कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की साधनांमधला हा फरक स्पष्ट दिसतो. एमिली ब्राँटीच्या ‘वदरिंग हाइट्स’मधला (१८४७) हीथक्लिफ प्रेयसी कॅथरिनने श्रीमंत लिंटनला पसंत केल्यावर निघून जातो आणि परत येतो तो पैसा घेऊन. जुगारात बुडालेल्या तिच्या भावाची, हिंडलीची, मालमत्ता तो गहाणात अडकवतो, लिंटनची बहीण इझाबेला हिच्याशी लग्न करतो, पुढे कॅथरिनच्या मुलीला, धाकट्या कॅथरिनला, डांबून आपल्या मुलाशी तिचे लग्न लावतो आणि शेवटी दोन्ही घरे घशात घालतो. कर्ज, विवाह, वारसाहक्क ही सगळी त्याची शस्त्रे आहेत. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या (१८६०–६१) मिस हॅविशॅमकडे पैसा भरपूर आहे, तरी ती घराबाहेर पडत नाही. नवऱ्या मुलाचे नकाराचे पत्र आले त्या वेळी, नऊला वीस मिनिटे कमी असताना, तिने सगळी घड्याळे थांबवली. अंगावर तोच पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख, पायात एकच जोडा, टेबलावर कोळ्यांनी व्यापलेला केक. ती सूड घेते तो पुरुषांची मने मोडण्यासाठी दत्तक मुलीला निष्ठुर बनवून. हीथक्लिफ जग ताब्यात घेतो आणि वाचकाला त्याचे सगळे बालपण सांगितले जाते; हॅविशॅमचा भूतकाळ मात्र दुसऱ्याने सांगितलेल्या एका छोट्या हकिकतीत उरकतो.

निवेदकाचा प्रश्न इथेच येतो. उद्योगपर्वातले अंबेचे आख्यान दुर्योधनाला सांगतो तो खुद्द भीष्म, म्हणजे ज्याच्यावर तिचा सूड आहे तोच. शाल्वाने परत पाठवलेली, भीष्माने न स्वीकारलेली अंबा परशुरामाकडे दाद मागते, उग्र तप करते, अग्निप्रवेश करते, द्रुपदाची कन्या म्हणून जन्मते आणि शेवटी यक्षाकडून पुरुषत्व मिळवून शिखंडी होते. स्त्री राहून सूड पुरा होत नाही, हे त्या आख्यानाने किती उघडपणे मांडले आहे! प्रॉस्पेर मेरीमेच्या ‘कारमेन’मध्येही (१८४५) हीच रचना दिसते. आपल्याला नाकारणाऱ्या कारमेनला भोसकणारा तिचा प्रियकर होझे देहदंडाची वाट पाहत तुरुंगातून सगळी कहाणी सांगतो. मारली गेलेली स्त्री आपल्याला भेटते ती बहुतांशी मारेकऱ्याच्या शब्दांत, आणि वाचकाची करुणा नकळत त्याच्या बाजूला झुकते.

चित्रपटांनी हा कल आणखी वाढवला. ‘फेटल अट्रॅक्शन’च्या (१९८७) मूळ शेवटात टाकून दिलेली ॲलेक्स आत्महत्या करते आणि सुरीवरच्या बोटांच्या ठशांमुळे तिचा विवाहित प्रियकर खुनाच्या आरोपात अडकतो. चाचणी खेळांतल्या प्रेक्षकांना हे रुचले नाही. मग नवा शेवट चित्रित झाला : ॲलेक्स सुरी घेऊन घरात शिरते आणि प्रियकराची पत्नी तिला गोळी घालते. ही भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजचा या बदलाला विरोध होता. हिंदीत ‘डर’मध्ये (१९९३) नायिकेचा पाठलाग करणारा राहुल शेवटी मारला जातो, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त, आणि त्याने अडखळत घेतलेले तिचे नाव नकलांचा विषय झाले. छळाला प्रेम म्हणण्याची ही सवलत ॲलेक्सला मिळाली नाही.

या परंपरेत युरिपिडीझची मेडिया (इ. स. पू. ४३१) वेगळी उठून दिसते. तिचा नवरा जेसन दुसरे लग्न करतो तेव्हा ती विषारी वस्त्र पाठवून नव्या वधूला मारते, पोटच्या दोन मुलांना ठार करते आणि सूर्याने दिलेल्या रथातून निसटते. कृत्य भयंकर आहे, पण ते करण्याआधीची तिची घालमेल प्रेक्षक तिच्याच तोंडून ऐकतात. बायकांच्या वाट्याला येणाऱ्या विवाहाबद्दलही ती कोरिंथच्या स्त्रियांसमोर सविस्तर बोलते. त्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेत युरिपिडीझला तिसरा क्रमांक मिळाला. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी १९९६ साली हीच कथा सहा वेगवेगळ्या निवेदकांच्या आवाजांत लिहिली. त्यात मुलांना मेडिया मारत नाही, कोरिंथचे लोक मारतात आणि आळ तिच्यावर घेतात.