तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नव्हतं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दादरच्या इमारतीची जुनी लाइन काढताना प्लंबरने कापलेला वीतभर तुकडा माझ्या हातात दिला. पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पाइप होता. वरून ऑइल पेंटचे हात मारलेले, दिसायला धडधाकट. आत मात्र तांबूस-काळ्या गंजाच्या गाठी दाटल्या होत्या आणि मधे उरलेल्या भोकातून पेन्सिल जेमतेम गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन वर्षं सांगत होत्या, पाण्याला जोर नाही. आम्ही पंप बदलला, टाकी धुतली, बॉलकॉक बदलला. पाइप कुणी कापून पाहिला नाही, कारण तो गळत नव्हता.

मुंबईच्या जुन्या घरांत हे असंच का होतं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

हे शहर आधी विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावं तिथूनच आली. विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये लोखंडी नळांतून शहरात आलं, पाठोपाठ 1879 मध्ये तुळशीचं आणि 1892 मध्ये तानसाचं. ओतीव लोखंडाचे ते मोठे नळ एकमेकांत बसवून सांध्यात ताग ठोसत आणि वितळलेलं शिसं ओतत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांमुळे घराघरांतल्या बऱ्याच विहिरी झाकल्या, बुजवल्या गेल्या आणि बहुतेक घरं नळावर आली.

पण नळ आला तो इमारतीत, घरात नव्हे. चाळीत मजल्याच्या टोकाला समाईक नळ, खोलीत फक्त मोरी आणि पिंप. पाणी भरणं हे बायकांचं पहाटेचं काम. पुढे खोलीखोलीत नळ घेतले गेले तेव्हा अर्ध्या इंचाच्या लाइनी गॅलरीच्या कठड्याखालून, जिन्याच्या भिंतीवरून, जिथे जागा मिळेल तिथून ओढल्या. इमारत बांधताना त्यांचा विचारच झालेला नव्हता. आज जुन्या चाळीच्या मागच्या भिंतीवर पाइपांचं जे जाळं दिसतं, ते असं एकेका बिऱ्हाडाने वाढवलेलं आहे.

हे जवळपास सगळे पाइप जीआयचे. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. मात्र पाइप जोडायचा तर टोकाला आटे पाडावे लागतात आणि आटे पाडायचं हत्यार, म्हणजे डाय, फिरला की तेवढ्या भागातलं जस्त निघून जातं. वर सूत गुंडाळून सफेदा, म्हणजे सांधा बंद करायची पांढरी लुगदी, लावला तरी उघडं लोखंड उघडंच. म्हणून गंज बहुधा सांध्यापासून धरतो. त्यात आपल्याकडे पाणी दिवसातून ठरावीक वेळ येतं. पाणी गेलं की टाकीत न जाता थेट येणाऱ्या लाइनीत हवा शिरते, ओल्या लोखंडाला ती लागते आणि सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं. रिकाम्या लाइनीत ओढ तयार होते, ती आणखी वाईट. पाइपाच्या भेगेशेजारी गटाराची ओल असेल तर तीही आत खेचली जाते. पाइप बाहेर ठिबकत नाही म्हणजे ठीक आहे, असं म्हणूनच मानू नये.

मग वेळेवर का बदलले नाहीत? माझ्या मते याचं निम्मं उत्तर भाडेनियंत्रणात आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरूला छप्पर टिकवता आलं, ही त्याची मोठी देणगी, आणि ती मी कमी लेखणार नाही. पण त्या भाड्यात अख्खी लाइन बदलणं मालकाला परवडेना आणि मालकाच्या भिंतीवर भाडेकरू पैसा घालेना. इमारती कोसळू लागल्या तेव्हा 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, दुरुस्तीसाठी जुन्या इमारतींवर उपकर सुरू झाला. तो पैसा आधी तुळया, खांब आणि जिन्यांना लागायचा, आणि ते बरोबरच होतं. पाण्याच्या लाइनीला ठिगळावर ठिगळ लागत राहिलं.

सोसायट्यांच्या काळात पाइप भिंतीत गेले. स्नानगृह नीटनेटकं दिसू लागलं, पण गंज नजरेआड झाला. समाईक लाइन सोसायटीची आणि घरातली सभासदाची, त्यामुळे बदलायचं कुणी, यावर सभा रंगतात. तोवर खालच्या घराच्या छताला ओल उतरलेली असते.

ठिगळ का टिकत नाही, ते आमच्याकडे डोळ्यांनी दिसलं. प्लंबरने एका एल्बोला, म्हणजे काटकोनी जोडाला, पाना लावला, जोर दिला, एल्बो सुटला. पण तो पीळ मागच्या टीपर्यंत, म्हणजे तीन तोंडांच्या जोडापर्यंत, गेला आणि दुसऱ्या दिवशी टी ठिबकू लागली. गंजलेले आटे एकमेकांच्या आधारानेच उभे असतात. तेव्हा टाकीपासून नळापर्यंतचा एक पूर्ण उभा पट्टा एकदम बदलायचं ठरलं.

आता जीआयच्या जागी बहुतेक ठिकाणी प्लास्टिक येतं. थंड पाण्याला यूपीव्हीसी हे प्लास्टिक, गिझरच्या लाइनीला गरम पाणी सोसणारं सीपीव्हीसी. गंज नाही, आटे नाहीत, चिकटवायचं सोल्यूशन लावून जोड होतो. मात्र गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी टाकला तर तो मऊ पडून वाकतो आणि उन्हात उघडा ठेवलेला पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो. बाहेरच्या लाइनीला रंग हवाच. गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाला दर दीड-दोन हातांवर क्लॅम्पही मारून घ्यावेत.

आम्ही भिंती फोडल्या नाहीत. पन्नास वर्षांच्या विटा आणि त्यांच्या पलीकडे शेजाऱ्याचं देवघर. मिस्त्रीच नको म्हणाला. नवी लाइन डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, भिंतीच्या बाहेरून उतरवली, पूर्वी चाळीत होती तशी. जुनी दोन्ही टोकांना प्लग मारून आतच सोडली आणि ती कुठून कुठे जाते याचा नकाशा पंपाच्या खोलीत चिकटवला आहे. तिसऱ्या मजल्यावर बादली आता दोन मिनिटांत भरते.