पिक्सेलच्या आतलं गणित

जुलै २०२४मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छावरचा एक शोधनिबंध आला. हबल दुर्बिणीने वीसहून अधिक वर्षांत टिपलेल्या पाचशेवर छायाचित्रांवरून संशोधकांनी तिथल्या सुमारे १४ लाख ताऱ्यांच्या गती मोजल्या. केंद्राजवळचे सात तारे इतक्या वेगाने धावताना सापडले, की त्यांना तिथे बांधून ठेवायला सूर्याच्या किमान ८,२०० पट वस्तुमानाचं कृष्णविवर हवं. बातम्यांत कृष्णविवर गाजलं. मला त्यामागचं मोजमाप जास्त थरारक वाटतं, कारण त्याच तत्त्वावर आपल्याकडचे हौशी आकाशछायाचित्रकारही रात्रभर काम करत असतात.

हा गुच्छ सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे, तरी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहून थोडा मोठाच आहे. लंडनहून तो कधीच उगवत नाही. पुण्याहून मात्र दक्षिण क्षितिजावर जवळपास २४ अंश चढतो. मेअखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास मित्रक या तेजस्वी ताऱ्याच्या वर, किंचित पश्चिमेला शोधा.

त्याच्या फोटोसाठी मोठी दुर्बीण लागते, हा समज चुकीचा आहे. ८० मिलिमीटर भिंगाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण पुरते. पैसे आणि कष्ट खर्च करायचे ते तिला फिरवणाऱ्या माउंटवर. पृथ्वी फिरत असल्याने तारे सेकंदाला १५ विकलांपर्यंत सरकतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. साडेचार किलोमीटरवरचं रुपयाचं नाणं साधारण एवढं दिसेल. या दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे दोन विकला मावतात. म्हणजे स्थिर दुर्बिणीत इतक्या वेगाचा तारा सेकंदाच्या आठव्या भागात पिक्सेल ओलांडून जातो. तेजोमेघाच्या फोटोत थोडं हललेलं खपून जातं. तारकागुच्छात सगळे ठिपकेच, त्यामुळे प्रत्येक तारा लांबट होऊन चूक दाखवतो.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखून मोटर लावली, तरी काम संपत नाही. आतल्या वर्मचे, म्हणजे दातेरी चाक फिरवणाऱ्या मळसूत्री दांड्याचे, आटे अगदी सारखे नसतात. आठ-दहा मिनिटांच्या प्रत्येक फेऱ्यात साध्या माउंटची दिशा काही दहा विकला मागेपुढे होते. म्हणून मुख्य दुर्बिणीवर एक छोटी गाइड दुर्बीण बसवतात. तिचा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी एकाच ताऱ्याचा फोटो घेतो, आणि तो तारा हलला की संगणक माउंटला दुरुस्ती सांगतो.

आता खरी गंमत. गाइड दुर्बिणीचं नाभीय अंतर १२० मिलिमीटर आणि कॅमेऱ्याचे पिक्सेल तेवढेच असतील, तर तिचा एक पिक्सेल सव्वासहा विकलांहूनही मोठा असतो. एवढ्या जाड पट्टीने अर्ध्या विकलेची चूक कशी मोजणार? ताऱ्याचा प्रकाश एका पिक्सेलवर न पडता शेजाऱ्यांवरही सांडतो, म्हणून हे जमतं. समजा, ओळीतल्या तीन पिक्सेलवर तो २०, ६०, २० असा पडला. केंद्र बरोबर मधोमध. पुढच्या फोटोत १५, ६०, २५ आला. डावीकडचे १५ वजा, उजवीकडचे २५ अधिक, भागिले एकूण १००: केंद्र उजवीकडे ०.१ पिक्सेल, म्हणजे ०.६ विकला सरकलं. तारा नेमका एकाच पिक्सेलवर टिपला असता, तर हे कळलंच नसतं! त्यासाठी गाइड कॅमेऱ्याचा फोकस किंचित सैल असला तरी चालतो.

अर्ध्या नाक्षत्र वेगाने, म्हणजे तारे सरकण्याच्या निम्म्या वेगाने, ही दुरुस्ती करायला मोटरला सुमारे ८५ मिलिसेकंदांचा इशारा पुरतो. पण मोजलेली सगळी चूक एकदम दुरुस्त करू नये. सत्तर टक्के करावी. त्यातला काही भाग माउंटचा नसून हवेच्या थरथरीचा असतो, आणि तिच्यामागे धावलं तर आपणच दुर्बीण हलवत राहतो. २४ अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्या दुपटीहून जाड असल्याने ओमेगा सेंटॉरीसाठी हा संयम फारच लागतो. हबलवर वातावरणाचा अडथळा नाही, म्हणून तिथे हीच कल्पना आणखी काटेकोर गणिताने पिक्सेलच्या शंभराव्या भागापर्यंत नेता येते. त्या सात ताऱ्यांची धाव अशीच मोजली गेली.

हात बसवायला पुष्य नक्षत्रातला एम ४४ हा तारकागुच्छ घ्यावा. गुरुपुष्यामृताला सोन्यासाठी रांगा लागतात, तेव्हा आकाशात घडतं एवढंच: सव्वा प्रकाशसेकंदावरचा चंद्र सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरच्या या गुच्छाच्या आसपास दिसतो आणि वार गुरुवार असतो. त्यात भाग्याशी जोडावं असं काहीही नाही.

ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्यासाठी तीस सेकंदांचे पुष्कळ फोटो एकत्र करावेत. शंभर फोटोंच्या सरासरीत गोंगाट, म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे, दहापट घटतो. एक्स्पोजर लांबवलं, तर तेजस्वी तारे पांढरे होऊन त्यांचा रंग जातो, आणि रंग गेला की तापमानाची खूण गेली. आवरतं घेतलं, तर म्हातारे होऊन फुगलेले तांबडे राक्षसी तारे नारिंगी ठिपक्यांसारखे गर्दीतून वेगळे ओळखता येतात.