बेडक्यात न सापडणारा क्षय

रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला आणि पुढे या रोगाच्या निदानाचा डोलारा प्रामुख्याने बेडक्यावर उभा राहिला. फुप्फुसांच्या क्षयासाठी ते ठीकच होते. परंतु मानेतली गाठ, मणका किंवा मेंदूचे आवरण येथे रोग शिरला की जंतू मुळातच विरळ असतात. काचपट्टीवर ते दिसण्यासाठी दर मिलिलिटरमागे साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात, आणि गाठीतून सुईने ओढलेल्या थेंबभर द्रवात तेवढे क्वचितच भरतात. त्यामुळे गंडमाळेचे, म्हणजे मानेतल्या गाठींच्या क्षयाचे, निदान दीर्घकाळ हाताला लागणारी गाठ, पेशींची तपासणी आणि डॉक्टरांचा अंदाज यांवरच चालले.

औषधरोध, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही हे, ओळखायला मात्र अंदाज पुरत नाही. पेशींची ठेवण पाहून क्षयाचा तर्क करता येतो, रिफाम्पिसिन हे क्षयावरचे प्रमुख औषध लागू पडेल की नाही हे सांगता येत नाही. जुन्या पद्धतीत त्यासाठी जंतू जिवंत हवा, कारण कल्चर म्हणजे त्याला वाढवणेच, आणि घन माध्यमावर त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सवयीने पूर्णच्या पूर्ण फॉर्मॅलिन या नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या बाटलीत गेला, तर जंतू मरतात आणि कल्चरची वाट तिथेच बंद होते. अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवणे एवढेच करायचे असते. पण मणक्याची दुसरी शस्त्रक्रिया केवळ नमुन्यासाठी कोण करून घेईल?

मुंबईत औषधरोधाची चर्चा २०१२ च्या सुरुवातीला पेटली. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले होते. ‘टीडीआर’ (टोटली ड्रग-रेझिस्टंट, म्हणजे सर्व औषधांना न जुमानणारा) या नावाला केंद्र सरकारने हरकत घेतली आणि नावाच्या वादात बराच वेळ गेला.

दरम्यान जनुकीय चाचणी आली होती. जंतूच्या आरपीओबी जनुकातील बदल टिपून सुमारे दोन तासांत रिफाम्पिसिन-रोध सांगणाऱ्या या चाचणीला, म्हणजे आपल्याकडच्या ‘सीबीनॅट’ला, जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली, फुप्फुसाबाहेरच्या काही नमुन्यांसाठीची शिफारस २०१३ मध्ये आली आणि याच चाचणीच्या अधिक संवेदनशील ‘अल्ट्रा’ आवृत्तीची २०१७ मध्ये. गाठीच्या नमुन्यात ती बरी चालते; फुप्फुसाच्या आवरणातल्या पाण्यात मात्र पुष्कळदा रिकामीच परतते, म्हणून तिथे नकारार्थी अहवालावर क्षय नाही असे ठरवत नाहीत, आवरणाचाच तुकडा काढून कल्चरला धाडतात.