लिस्बनचा राजवाडा गेला कुठे?

लिस्बनला गेलेला माणूस तागस नदीकाठच्या कॉमर्स स्क्वेअरमध्ये पोचतोच. तीन बाजूंना कमानींच्या पिवळ्या इमारती, चौथी बाजू थेट पाण्याकडे उघडी, मधोमध घोड्यावर राजा पहिला जोझे. चौथऱ्याच्या एका अंगाला दगडी हत्तीही आहे. राजवाडा मात्र कुठेच दिसत नाही. तो इथेच होता.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा पहिला मानुएल टेकडीवरचा किल्ला सोडून नदीकाठी राहायला आला. पूर्वेकडच्या व्यापाराची कचेरी, 'काझा दा इंडिया', याच वाड्यात होती. दुकानाच्या माडीवर मालकाने बिऱ्हाड थाटावं तसाच हा प्रकार.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चमध्ये तुडुंब गर्दी. आधी भूकंप, मग नदीतून चढून आलेली समुद्राची लाट, आणि मेणबत्त्या-चुलींमुळे भडकलेली, काही दिवस न विझलेली आग. वाडा, राजाचं ग्रंथालय, त्याच वर्षी सुरू झालेलं ऑपेरा हाउस, सगळं गेलं. राजा जोझे त्या दिवशी कुटुंबासह शहराच्या पश्चिमेला, बेलेंला होता, म्हणून वाचला. पण त्याने दगडी छताची अशी धास्ती घेतली की पुढे आजुदाच्या टेकडीवर लाकडी महालातच मुक्काम ठेवला.

शहर उभं केलं ते त्याचा मंत्री पोंबाल याने. बायशा भागातले सरळसोट रस्ते त्याच्या काळातले. तिथल्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा सांगाडा आहे. त्याचा नमुना उभारून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो हादरे सोसतो का ते पाहिलं, असं सांगतात. बेलेंचा जेरोनिमुश मठ भूकंपातून बचावला. त्याच्या बांधकामाला मसाल्याच्या व्यापारावरच्या ५ टक्के कराचा पैसा लागला होता. मिरीच्या पैशाचं जुनं लिस्बन बघायचं तर तिथेच जावं.

लिस्बनजवळच्या केलूशच्या राजवाड्यामागे मात्र मिरी नव्हती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती. पोर्तुगीज दरबाराची श्रीमंती आता ब्राझीलच्या सोन्यावर चालली होती. १७४७ मध्ये जोझेचा धाकटा भाऊ पेद्रू याने उन्हाळ्यात राहण्यासाठी केलूशचं काम काढलं. १७६० मध्ये त्याचं लग्न सख्ख्या पुतणीशी, गादीची वारस मारियाशी झालं आणि वाड्याचा थाट वाढला. बागेत टाइल्सनी मढवलेला कालवा आहे, टाइल्सवर बंदरांची चित्रं. ओढ्याचं पाणी अडवून राजघराणं त्यात नौकाविहार करायचं. खरी बंदरं हातची जात असताना!

१७९४ मध्ये आजुदाचा लाकडी महाल जळाला आणि दरबार केलूशला आला. तोवर मारिया राणीला वेड लागलं होतं. कारभार मुलगा जुआंव बघत होता. १७९८ मध्ये त्याचा मुलगा पेद्रू इथे जन्मला. पुढे तो ब्राझीलचा पहिला सम्राट झाला आणि १८३४ मध्ये याच वाड्यात, जन्मला त्याच खोलीत वारला. नेपोलियनची फौज आली तेव्हा, नोव्हेंबर १८०७ मध्ये, दरबार ब्राझीलला निघून गेला होता.

रोसियू स्टेशनवरून सिंत्राला जाणारी लोकल केलूशला थांबते. बहुतेक पर्यटक उतरत नाहीत, हे त्यांचं नुकसान. आजुदाला नंतर दगडी राजवाडा बांधायला घेतला, पण पैसा आणि राजे दोन्ही पुरले नाहीत. त्याची पश्चिमेची बाजू दोन शतकं अर्धवटच राहिली. ती बंद करून तिथे राजघराण्याच्या जडजवाहिराचं संग्रहालय उघडलं ते २०२२ मध्ये.