कॅलरीमीटरमध्ये पारा चढत नाही

सोलापुरातल्या अकरावी-बारावीच्या क्लासांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतला कॅलरीमीटर म्हणजे प्रॅक्टिकलच्या तांब्याच्या भांड्याचाच थोरला भाऊ, कण आदळतो, तापमान वाढतं, त्यावरून ऊर्जा काढतात. नावामुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण हिशेब करून बघा. 100 जीईव्हीचा (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) इलेक्ट्रॉन म्हणजे जेमतेम 0.000000016 ज्यूल. एवढ्यानं ग्रॅमभर पाणीसुद्धा मोजण्याइतकं तापत नाही.

मोजतात तो प्रकाश किंवा विद्युतभार. सर्नमधल्या सीएमएस या कण टिपणाऱ्या शोधकात लेड टंगस्टेट या शिशाच्या संयुगाचे 75,848 स्फटिक आहेत. दिसायला काचेसारखे, वजनाला पोलादाहून जड. इलेक्ट्रॉन आत शिरला की अणुकेंद्राजवळ वळताना फोटॉन सोडतो, त्या फोटॉनमधून (प्रकाशाच्या कणातून) इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचाच धनभारित जुळा) यांची जोडी निघते, ती पुन्हा फोटॉन सोडते. एकाचे शेकडो होतात आणि सगळी ऊर्जा साधारण 23 सेंटिमीटरच्या आत जिरते. स्फटिक क्षणभर उजळतो. उजेड जितका जास्त, तितकी ऊर्जा जास्त. मूळ कण मात्र यात संपतो.

प्रोटॉन आणि पायॉन नावाचे त्याहून हलके कण जास्त खोल जातात, त्यांच्यासाठी मागे पितळेचे थर. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, थोडी ऊर्जा सोडून आरपार जातो. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, जवळपास कशातच न अडकणारा कण तर दिसतच नाही. ताळेबंदात जी ऊर्जा कमी पडते, त्यावरून तो ओळखायचा.

(अतिथंड स्फटिकांत खरोखर तापमानवाढ मोजणारी उपकरणंही असतात, पण ती वेगळ्या प्रयोगांत.)