हॉबीलोस

हॉबीलोस हे जर्मन तरुणांच्या बोलीतले चिडवण्याचे विशेषण. शब्दशः अर्थ 'छंद नसलेला', पण बोलण्यातला अर्थ 'रिकामटेकडा', 'नसत्या उठाठेवी करणारा' याच्या जवळचा. शाळेच्या आवारात, ऑनलाइन खेळांच्या गप्पांत आणि समाजमाध्यमांवरच्या प्रतिक्रियांत तो सर्रास वापरला जातो. माणसाला लावतात तसाच तो कृतीलाही लावतात. अनोळखी व्यक्तीच्या जुन्या पोस्ट उकरून काढणे हॉबीलोस, शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला चार परिच्छेद लिहिणे हॉबीलोस, शेजाऱ्याच्या गाडीचे चाक रेषेबाहेर गेले म्हणून फोटो काढून तक्रार करणेही हॉबीलोस.

खरे तर असे म्हटले जाते त्या माणसाला बहुधा एखादा छंद असतोच, आणि तो त्यात आकंठ बुडालेला असतो. एखाद्या मालिकेतल्या चुका शोधून त्यांचा तक्ता करणाऱ्याकडे चिकाटी, वेळ आणि विषयाचे प्रेम हे सगळे आहे. तरीही तो हॉबीलोस ठरतो, कारण हा शब्द छंदांची मोजदाद करत नाही. समोरच्याने घेतलेले कष्ट बोलणाऱ्याला फुकट वाटतात, एवढेच तो सांगतो. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही मराठी म्हण जिथे चपखल बसेल, तिथे जर्मन मुलगा हॉबीलोस म्हणून मोकळा होतो.

घडण आणि व्याकरण

इंग्रजीतून जर्मनमध्ये रुळलेले 'हॉबी' हे नाम आणि '-लोस' हा अभावदर्शक जर्मन प्रत्यय यांपासून हा शब्द बनला आहे. हाच प्रत्यय आर्बाइट्सलोस (बेरोजगार), किंडरलोस (अपत्यहीन), ओबडाखलोस (बेघर) या गंभीर, सरकारी कागदांवर दिसणाऱ्या शब्दांत आहे. शब्दाची निम्मी गंमत इथेच आहे, कारण बेरोजगार किंवा बेघर यांच्या पंक्तीला 'बेछंद' नावाची नवी दुर्दशा आणून बसवली जाते. आर्बाइट्सलोसमध्ये दोन भागांना जोडणारा 'स' येतो, हॉबीलोसमध्ये येत नाही. उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि 'लोस'मधला ओ लांबवायचा असतो.

विशेषणाला विभक्ती लागली की शेवटच्या 'स'चा 'झ' होतो: आइन हॉबीलोझर ट्यूप (हॉबीलोस इसम), आइने हॉबीलोझे आक्त्सिओन (हॉबीलोस प्रकार). अभाव दाखवणाऱ्या विशेषणांना व्याकरणाच्या पुस्तकांत तर-तमभाव सहसा मान्य नसतो, पण बोलीत तो बिनदिक्कत लावतात. 'हॉबीलोझर गेट्स निश्ट' म्हणजे याहून हॉबीलोस असूच शकत नाही. हॉबीलोझिशकाइट असे भाववाचक नामही आहे, आणि ते बहुधा स्वतःबद्दल वापरतात: निव्वळ हॉबीलोझिशकाइटपायी रात्री दोन वाजता सगळ्या इमोजी मोजल्या, वगैरे.

लिहिताना एक जोडअर्थ आपोआप साधतो. 'हॉबीलोझर' हे पुल्लिंगी रूप आणि 'हॉबी-लूझर' (छंदातही हरलेला) ही कल्पित जोडी जर्मनमध्ये अगदी सारख्याच अक्षरांनी लिहिली जाते. फरक फक्त उच्चारातल्या ओ आणि ऊ यांचा. त्यामुळे लेखी भांडणात हे रूप विशेष आवडते.

शिकणाऱ्यांच्या चुका साधारण ठरलेल्या असतात. जर्मनमध्ये हॉबीचे अनेकवचन करताना वाय तसाच ठेवून एस जोडतात, इंग्रजीसारखे आय-ई-एस लावले तर ते चूक. विशेषण म्हणून हॉबीलोस लहान अक्षराने लिहायचा, पण 'तो हॉबीलोस' असा नामासारखा वापरला तर पहिले अक्षर मोठे. मध्ये जोडरेघ देण्याची गरज नाही.

वापर

सर्वांत रुळलेली वाक्यरचना प्रश्नाची आहे: 'वी हॉबीलोस कान मान झाइन?' म्हणजे माणूस हॉबीलोस असून असून किती असावा? सुरुवातीला हॅम्बुर्गकडून देशभर पसरलेले 'डिगा' (मित्रा, गड्या) हे संबोधन जोडले की धार कमी होते आणि मित्रांमधली थट्टा उरते. त्याऐवजी शिवी जोडली तर प्रकरण वेगळे. जर्मन दंडसंहितेच्या कलम 185 नुसार अपमान हा गुन्हा आहे. नुसत्या हॉबीलोसवरून सहसा कोणी पोलिसांत जात नाही, पण त्याच्या मागे आईवरून दिलेली शिवी अनेकदा येते, आणि तिच्यावरून मात्र जाऊ शकते.

शब्दाआधीची वाक्ये जुनी आहेत. 'हास्ट डू काइने हॉबीस?' (तुला छंद नाहीत का?) आणि 'झूख डिअर माल आइन हॉबी' (एखादा छंद शोध जा) हे टोमणे आजच्या मुलांचे आईवडीलही मारत. तरुणांनी ते अख्खे वाक्य एका विशेषणात कोंबले. याला ठरलेले उत्तर 'डास झाग्ट डेअर रिश्टिगे', म्हणजे बोलणारा तरी कोण! अनोळखी माणसाच्या व्हिडिओखाली येऊन त्याला हॉबीलोस म्हणणाऱ्यावर हे उत्तर सहज उलटते.

स्वतःला लावल्यावर शब्दाचा रंग पालटतो. रेझो आणि जूलियन बाम या दोन यूट्यूबरांनी 2021 मध्ये सुरू केलेल्या गप्पांच्या पॉडकास्टचे नावच 'हॉबीलोस' आहे. तिथे ते बिरुद म्हणून मिरवले जाते. 'हॉबीलोस, पण भारी' अशा अर्थाची दादही मिळते, विशेषतः कोणी निरुपयोगी काम अतोनात नेटाने पूर्ण केले असेल तर.

छंदच का?

मराठीत अशा वेळी 'तुला काही कामधंदा नाही का?' असे विचारतात. जर्मन टोमण्यात कामाऐवजी छंद येतो, याचे कारण तिथल्या बालपणाच्या रचनेत आहे. जर्मन शाळा पिढ्यान् पिढ्या दुपारी एकच्या सुमारास सुटत. उरलेली दुपार संगीतशाळा, फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स, घोडेस्वारी यांत जाई. पूर्ण दिवसाच्या शाळा अलीकडे वाढल्या आहेत, सवय मात्र टिकली. यातले बरेचसे चालते ते 'फेरआइन' म्हणजे नोंदणीकृत मंडळांमधून. देशात अशी सुमारे 6 लाख मंडळे आहेत. नागरी संहितेनुसार नोंदणीसाठी किमान 7 सदस्य लागतात आणि संख्या 3 च्या खाली गेली तर मंडळाचा कायदेशीर दर्जा काढून घेतला जातो. म्हणजे इथे छंदालाही घटना, खजिनदार आणि वार्षिक सभा असते.

प्राथमिक शाळेतली मुले वर्गात 'फ्रॉइंडेबूख' ही मैत्रीची वही फिरवतात. प्रत्येकाला एक छापील पान भरायचे असते: नाव, वाढदिवस, आवडता रंग आणि हमखास 'छंद'. पुढे नोकरीच्या अर्जासोबतच्या माहितीपत्रातही छंदांची ओळ टाकण्याची प्रथा आहे, सक्ती नसली तरी. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात किंवा अन्यत्र जर्मन शिकणाऱ्यांनाही पहिल्याच पातळीवर आपले छंद सांगायला शिकवतात, ते उगीच नाही. सहाव्या वर्षापासून ज्या रकान्यात काहीतरी लिहावेच लागते, तो रिकामा असल्याचा आरोप म्हणून झोंबतो.

गंमत म्हणजे हॉबी शब्द दुसऱ्या शब्दाच्या आधी जोडला तरी जर्मनमध्ये टोमणा होऊ शकतो. हॉबीडिटेक्टिव्ह, हॉबीसायकोलोग (हौशी मानसशास्त्रज्ञ), करोनाकाळातला हॉबीविरोलोग (हौशी विषाणुतज्ज्ञ) हे सगळे अर्धवट ज्ञानावर मिरवणारे लोक. हॉबी असूनही हसे आणि नसूनही हसे.

शब्द शब्दशः लागू पडतो तिथे मात्र तो निर्दय होतो. मंडळाची वर्गणी, वाद्य, बूट, सामन्यांचा प्रवास यांना पैसे लागतात. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील 18 वर्षांखालील मुलांना मंडळ किंवा संगीतवर्गासाठी दरमहा 15 युरो मिळतात (2019 पर्यंत 10 होते). या रकमेत फुटबॉल मंडळाची वर्गणी भागू शकते, पियानोची शिकवणी नाही. अशा मुलाला चारचौघांत हॉबीलोस म्हटले, तर बोलणाऱ्याला ती थट्टा वाटली तरी ऐकणाऱ्याला परिस्थितीचा उल्लेख ऐकू येतो. शिक्षकांनी वर्गात मुलांशी जवळीक दाखवायला हा शब्द वापरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. शिवाय मोठ्यांच्या तोंडी तो हास्यास्पद वाटतो, हा वेगळा धोका.

जवळचे शब्द

घरकोंबड्याला जर्मनमध्ये जुना शब्द 'श्टुबेनहोकर' आहे, पण त्यात तिरस्कार कमी. लांगेनशाइट प्रकाशनाने 2008 पासून निवडलेल्या 'वर्षाच्या युवा-शब्दां'त हॉबीलोस विजेता नाही. त्याचे नातलग मात्र त्या यादीत सापडतात. 2009 चा विजेता 'हार्ट्झन' म्हणजे काही न करता बसून राहणे. 2005 पासून लागू झालेल्या हार्ट्झ-चार या बेरोजगार भत्त्यावरून तो आला, आणि गरिबांची टर उडवतो म्हणून त्यावर टीकाही झाली. 2022 मध्ये अंतिम तिघांत पोचलेला 'बोडनलोस' (अत्यंत वाईट) आणि बोलीतला 'एअरनलोस' (निर्लज्ज, बेइमान) यांत तोच '-लोस' आहे. 2023 च्या अंतिम तिघांतला 'एनपीसी' व्हिडिओ गेममधून आला. स्वतःचे मत किंवा इच्छा नसलेल्या, पार्श्वभूमीत नुसत्या वावरणाऱ्या पात्रासारखा माणूस, असा त्याचा अर्थ. हॉबीलोस माणूस निदान काहीतरी करत असतो, एनपीसी तेही करत नाही.