मोबाइल लहरी आणि आरोग्य (नाशिकमधील वाद)

मोबाइल फोन आणि टॉवरमधून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी आरोग्याला घातक आहेत का, याविषयीचा वाद. नाशिकमध्ये तो बहुधा सोसायटीच्या सभेत पेटतो. गच्ची टॉवरला दिली तर भाड्यातून लिफ्टचा, रंगकामाचा खर्च सुटतो. पण वरच्या मजल्यावरच्यांना डोकेदुखी, झोपमोड आणि कॅन्सरची धास्ती वाटते.

क्ष-किरणांसारखी डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे किंचित तापणे. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये त्यांना 2ब गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरवले आणि भीतीला आधार मिळाला. हा गट पुराव्याची भक्कमता सांगतो, धोक्याचा आकार नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. 13 देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासात (2010) मोबाइल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठींचा एकंदर धोका वाढलेला दिसला नाही. सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत मेंदूच्या ग्लायोमा गाठींचे प्रमाण जास्त आढळले, पण आठवणीवर विसंबलेल्या माहितीमुळे संशोधकांनीच त्यावरून निष्कर्ष काढायचे टाळले. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यातही मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

नाशिकच्या वादात सगळा रोख टॉवरवर असतो, आणि इथेच गफलत होते. अँटेनाचा झोत बराचसा आडवा, दूर जातो. थेट खालच्या घरात तो क्षीण असतो. शरीराला जास्त लहरी मिळतात त्या कानाला लावलेल्या फोनमधून. जुन्या नाशकातल्या जाड भिंतींच्या वाड्यात किंवा पेठ-सुरगाणा तालुक्यांच्या डोंगरांत रेंज कमी असली की संपर्क टिकवायला फोन आपली शक्ती वाढवतो. म्हणजे टॉवर हटवला तर फोनकडून मिळणारी मात्रा उलट वाढू शकते.

भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरमधून निघणाऱ्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. हँडसेटमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींच्या ऊर्जेची मर्यादा ऊतींच्या किलोमागे 1.6 वॅट आहे. *#07# डायल केले की अनेक फोनच्या पडद्यावर त्या मॉडेलचा आकडा दिसतो. ज्याला काळजी वाटते त्याने इअरफोन किंवा स्पीकर वापरावा, फोन उशाखाली ठेवू नये. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर परिसरातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. इमारतीवर पडणारा भार, जनरेटरचा धूर आणि आवाज या तक्रारी मात्र रास्त आहेत. लहरींच्या वादात त्या मागे पडतात, म्हणून त्या स्वतंत्रपणे मांडाव्यात.